तळटीप १२ : एफटीओ जनुक

१२. एफटीओ : माणसाच्या सोळाव्या गुणसूत्रावरील जनुक. पंजांची बोटे जुळलेल्या उंदरांत गुणसूत्राचा कोणता तुकडा गळला आहे, हे शोधताना ते १९९९मध्ये हाती लागले. स्थूलतेशी असलेला संबंध २००७मध्ये कळला. माशांपासून माणसापर्यंतच्या पृष्ठवंशीयांत आणि थेट समुद्री शैवालांतही ते आहे. मधल्या कीटकांत, बुरशीत मात्र २००८च्या तपासणीत त्याचा मागमूस लागला नाही.

मजकुरातील ‘हैदराबादची प्रयोगशाळा’ म्हणजे हबसिगुडा येथील सीसीएमबी (सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी). तेथील गिरिराज चांडक आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटांनी २००९मध्ये दाखवले, की या जनुकाची काही रूपे भारतीयांत मधुमेहाचा धोका वाढवतात, आणि तोही केवळ वाढलेल्या वजनामुळे नव्हे.