साहस आणि साक्ष : स्टीव्हन्सनच्या दोन कादंबऱ्या

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन (१८५०-१८९४) म्हणजे मुलांचा लेखक, हा समज 'ट्रेझर आयलंड'मुळे रूढ झाला. 'किडनॅप्ड' (१८८६) आणि तिचा उत्तरार्ध 'कॅट्रिओना' (१८९३) एकत्र वाचल्यास तो टिकत नाही, असे आम्हांस वाटते.

दोन्ही कादंबऱ्यांच्या मुळाशी एक खरा खून आहे. १७४६ साली कलोडनच्या लढाईत स्टुअर्ट घराण्यासाठी उठलेल्या स्कॉटिश बंडखोरांचा पाडाव झाला. जप्त जमिनींचा सरकारी कारभारी कॉलिन कॅम्बेल १४ मे १७५२ रोजी गोळी लागून मेला. संशयित ॲलन ब्रेक निसटला. त्याला लहानपणी सांभाळणाऱ्या जेम्स स्टुअर्टला मात्र साथीदार ठरवून फाशी देण्यात आले. १५ पंचांपैकी ११ जण मृताच्याच कॅम्बेल कुळातले होते आणि न्यायासनावर कुळप्रमुख, आर्गाइलचा ड्यूक!

स्टीव्हन्सनने या कथेत आपला काल्पनिक नायक सोडला : सतरा वर्षांचा, राजनिष्ठ डेव्हिड बॅल्फर. दोन निष्ठांत सापडलेला तरुण ही स्कॉटच्या 'वेव्हर्ली'ची (१८१४) देणगी. तलवारबाजीची आणि मैत्रीची ऐट ड्यूमाची. परंतु डेव्हिडची सदसद्विवेकबुद्धी आम्हांस तिसऱ्याच ठिकाणची वाटते. धर्मासाठी छळ सोसणाऱ्या स्कॉटिश हुतात्म्यांच्या कथा लेखकाने बालपणी ॲलिसन कनिंगहॅम या दाईकडून ऐकल्या होत्या.

'किडनॅप्ड'मध्ये डेव्हिड खून डोळ्यांनी पाहतो, तरी बंडखोर ॲलनबरोबर डोंगरदऱ्यांतून पळतो. कारण खरे सांगावे असे न्यायालयच उरलेले नाही. 'कॅट्रिओना'त हा पेच तीव्र होतो. जिवावर उदार होऊन डेव्हिड साक्ष द्यायला निघतो, पण सत्ताधारी त्याला समुद्रातील बास रॉकवर अडकवून ठेवतात. तो पोहोचतो तेव्हा निकाल लागलेला असतो. पुढे जेम्सच्या बाजूचे वकीलही त्याच्या हकिकतीकडे राजकीय भांडवल म्हणूनच पाहतात.

खुनाचे साल १७५१ करण्याची मुभा स्टीव्हन्सनने घेतली. जेम्सचा फास सोडवण्याची घेतली नाही. साहसकथेचा नायक अखेरच्या क्षणी पोहोचतोच, हा संकेत त्याने इतिहासापुढे मोडला. डेव्हिड जगतो, सुखी होतो. जेम्स मात्र परत येत नाही. त्या सुखाला लागलेला हा डाग न पुसणे, हाच आमच्या मते या लेखनाचा नैतिक कणा होय.