नरसिंह राव : व्यासंग आणि मौन

पी. व्ही. नरसिंह राव यांचे नाव निघाले की १९९१ चे आर्थिक धोरण आणि ६ डिसेंबर १९९२ ची अयोध्या, या दोनच गोष्टींची चर्चा होते. आम्हा हैदराबादच्या मराठी भाषकांना त्यांच्या खाजगी आयुष्यातील एका तिसऱ्या गोष्टीचे अगत्य आहे. तो म्हणजे त्यांचा मराठीचा व्यासंग.

‘वंदे मातरम्’ चळवळीतील सहभागामुळे निजामी राज्यातील शिक्षणाचा मार्ग खुंटला आणि हा तेलुगू तरुण पुणे-नागपूरकडे वळला. तेथे जडलेला मराठीचा लोभ पुढे टिकला. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यांनी ‘अबला जीवितम्’ या नावाने तेलुगूत नेली; विश्वनाथ सत्यनारायणांची ‘वेयिपडगलु’ ‘सहस्रफण’ म्हणून हिंदीत आणली. १९८४ व १९८९ साली रामटेकने त्यांना लोकसभेवर पाठविले. १९७० मध्ये पत्नी निवर्तल्यानंतरच्या एकाकी आयुष्यात ग्रंथांची सोबत अखेरपर्यंत राहिली.

भाषांतरकार स्वतः मागे राहून दुसऱ्याला बोलू देतो. जुलै १९९१ मध्ये परवानाराज मोडणारे औद्योगिक धोरण आले, तेव्हा उद्योग खाते रावांकडेच होते. तरी श्रेय त्यांनी अर्थमंत्री मनमोहन सिंग यांच्याकडे जाऊ दिले. तेथे हा स्वभाव राष्ट्राच्या कामी आला. अयोध्येत मात्र तोच महागात पडला. राज्य सरकारच्या आश्वासनावर विसंबून ते थांबले, आणि मशीद पडली. त्यानंतरच्या दंगलींत मुंबईसह अनेक शहरांत शेकडो निरपराध माणसे मेली. रावांची कैफियत सांगणारे पुस्तक निघाले ते २००६ साली, त्यांच्या निधनानंतर. यमूचे न ऐकलेले दुःख ज्याने आपल्या भाषेत नेले, त्याने संकटसमयी वेळीच बोलू नये, याची खंत आम्हांस वाटते. व्यासंगाचा गौरव करताना ही खंत झाकणे इमानाचे होणार नाही.

लाचप्रकरणात २००० साली दोषी ठरलेले राव २००२ मध्ये उच्च न्यायालयात निर्दोष सुटले. २३ डिसेंबर २००४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्कार हैदराबादेत हुसेनसागराकाठी झाले. २०२४ मध्ये मरणोत्तर ‘भारतरत्न’ मिळाले. राज्यकर्ता म्हणून त्यांचा हिशेब इतिहास मांडीतच राहील. हरिभाऊंना तेलुगू घरांत नेल्याचे मराठीवरील ऋण मात्र निर्विवाद आहे, आणि ते आपण मान्य केलेच पाहिजे.