प्रतिकारशक्ती कोणाच्या अंगात असते?

करोनाच्या साथीत वाशीम जिल्ह्यात ज्या ज्या घरी रक्ताच्या कॅन्सरचा रुग्ण होता, त्या प्रत्येक घराला दोन सल्ले न मागता मिळाले. पहिला, ‘याला घराबाहेर काढू नका.’ दुसरा, ‘याची इम्युनिटी वाढवा.’ सल्ला देणारी माणसं जवळची होती, जिवाला जीव देणारी होती. साथ सरल्यावरही हे दोन सल्ले शहाणपण म्हणून टिकून आहेत, आणि पुढची साथ आली की पुन्हा हेच सांगितलं जाईल. म्हणून त्यांचं खंडन सावकाश आणि नीट करणं मला गरजेचं वाटतं. माझ्या मते हे सल्ले दोन असले तरी त्यांच्यामागची चूक एकच आहे. रोगाशी लढण्याची शक्ती ही ज्याची त्याची खासगी मिळकत आहे, ज्याच्याकडे नाही त्याने ती कमवावी, आणि तोवर दार लावून बसावं, असं दोन्हींत गृहीत धरलेलं आहे.

पूर्वपक्ष मांडताना तो दुबळा करून मांडू नये, ही वादाची आपल्याकडची जुनी शिस्त आहे. घरात बसवणाऱ्यांची बाजू दुबळी मुळीच नाही. ‘ब्लड’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२० साली ३,३७७ रक्तकर्करोगी करोनाबाधितांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यातले प्रौढ रुग्ण बहुतेक रुग्णालयात दाखल झालेले होते, आणि त्यांच्यात शंभरातले ३४ दगावले. साठीच्या पुढच्यांत हे प्रमाण ४७ पर्यंत गेलं. हे आकडे वाचून कोणता बाप पोराला एसटीत बसवील? शिवाय दुसरी लाट महाराष्ट्रात उसळली ती आमच्याच भागातून. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळ आणि वाशीम ही नावं रोज बातम्यांत होती. २३ फेब्रुवारीला मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला हजारोंची गर्दी उसळली. त्याच आठवड्यात रिसोड तालुक्यातल्या देगावच्या एका निवासी शाळेत २२९ विद्यार्थी बाधित निघाले. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध जोडण्याचं कारण नाही. पण हे सगळं डोळ्यांसमोर घडत असताना दाराला कडी घालावीशी वाटली, तर ती भीती खोटी होती असं कोण म्हणेल?

भीती खरी होती, पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष चुकला.

आधी ‘वाढवा’ या शब्दाकडे पाहू. बाकीच्यांच्या बाबतीत तो नुसता सैल शब्द आहे. रक्ताच्या कॅन्सरमध्ये मात्र तो अर्थशून्य ठरतो, कारण हा रोग होतोच मुळी प्रतिकारशक्तीच्या कारखान्यात. हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत पांढऱ्या पेशी तयार होतात. ल्युकेमियात तिथे कच्च्या, बिनकामाच्या पेशींचं तण माजतं. म्हणूनच कधी कधी सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, कागदावर पांढऱ्या पेशी ८० हजार दिसतात आणि नातेवाईक म्हणतात, ‘पेशी तर भरपूर आहेत की!’ आकडा भरपूर असतो, पण त्यातली कामाची पेशी शोधावी लागते. मायलोमात बिघाड होतो तो प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींमध्येच. त्यावर किमोथेरपी सुरू झाली की वाईट पेशींबरोबर चांगल्याही पडतात आणि न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५०० च्या खाली जातात. बी कुजलेलं असताना रानाला पाणी वाढवून काय उगवणार? सोयाबीन पेरणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

तरीही गावोगाव काढे उकळले गेले. ग्रामपंचायतींनी अर्सेनिकम आल्बमच्या गोळ्या घरोघर पोचवल्या. गुळवेलीचा रस तर औषध नव्हे, धर्म असल्यासारखा पाजला गेला. ‘फायदा नाही तर नाही, तोटा तर नाही ना?’ हा यावरचा नेहमीचा युक्तिवाद, आणि तोही टिकत नाही. २०२० च्या शेवटच्या चार महिन्यांत मुंबईत गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता, हेही इथे सांगितलं पाहिजे. तो वाद तज्ज्ञांनी मिटवावा. पण ल्युकेमियाच्या मुलाला देखभालीच्या टप्प्यात महिनोन्‌महिने ज्या गोळ्या चालू असतात, त्या मर्कॅप्टोप्युरिन आणि मेथोट्रेक्सेट यांचा भार आधीच यकृतावर असतो. ज्याच्या यकृतावर डॉक्टर दर काही दिवसांनी नजर ठेवून आहेत, त्याच्यावर असा शंकास्पद प्रयोग करण्याचा अधिकार आपल्याला नाही. दुसऱ्याची मज्जा बसवलेल्या रुग्णाची गोष्ट तर आणखी वेगळी. नवी मज्जा त्याच्याच शरीरावर उलटू नये म्हणून त्याची प्रतिकारशक्ती डॉक्टर औषधं देऊन मुद्दाम दाबून ठेवतात. तिथे ‘वाढवा’ म्हणणारा माणूस नकळत उपचाराविरुद्धच बोलत असतो.

लशीने तरी ती वाढते ना? इथेही रक्तकर्करोग आडवा येतो. इस्रायलमध्ये २०२१ साली क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाच्या रुग्णांना दोन डोस देऊन तपासलं, तेव्हा शंभरातल्या ४० जणांमध्येच प्रतिपिंडं सापडली. ज्यांना वर्षभराच्या आत रिटुक्सिमॅबसारखं औषध दिलं गेलं होतं, त्यांच्यापैकी एकाच्याही शरीरात ती तयार झाली नव्हती. याचा अर्थ लस घेऊ नये असा होत नाही; ती घ्यावीच. अर्थ असा की अशा रुग्णाची लस एकट्या त्याच्या दंडात टोचून पुरी होत नाही. ती त्याच्या आईच्या, भावाच्या, औषधाच्या दुकानातल्या माणसाच्या दंडातही टोचावी लागते.

आपल्या धोरणाला हे अर्धंच कळलं होतं. १ मार्च २०२१ ला ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधीग्रस्तांसाठी लसीकरण उघडलं, तेव्हा त्या यादीत ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा स्पष्ट लिहिलेले होते. हे उत्तम झालं. पण तीस वर्षांच्या रुग्णाला १ मेपर्यंत थांबावं लागलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने ऑक्टोबर २०२१ मध्ये क्षीण प्रतिकारशक्तीच्या लोकांना जादा डोस द्यावा असं सांगितलं. आपल्याकडे १० जानेवारी २०२२ ला खबरदारीचा डोस सुरू झाला तो आरोग्य कर्मचारी, आघाडीवरचे कर्मचारी आणि साठीपुढचे सहव्याधीग्रस्त यांच्यासाठी. किमो घेणारी पस्तिशीतली बाई त्यात बसत नव्हती. वयाची चाळणी सोपी असते, हे मान्य. पण रोग वय विचारून येत नाही.

आता घराकडे वळू. घर म्हणजे किल्ला, ही कल्पना वाशीमच्या घरांना लागू पडत नाही. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती आणि त्यातले बहुतेक लोक खेड्यांत राहणारे. दोन खोल्या, सात माणसं. त्यातला एक बाजार समितीत हळद घेऊन जाणारा, एक दूध घालणारा, एक निवासी शाळेतून परतलेला. रुग्ण उंबरठ्याच्या आत असला तरी विषाणू चपला काढून उंबरठ्याबाहेर थांबत नाही. घरात बसवण्याच्या सल्ल्यात फक्त रुग्णावर बंधन आहे, उरलेले सहा मोकळे आहेत. केंद्र सरकारच्या जुलै २०२० च्या नियमात तर अशी स्पष्ट तरतूद होती, की कॅन्सरचे उपचार घेणारा माणूस बाधित झाला तर सौम्य लक्षणं असली तरी तो गृहविलगीकरणाला पात्र नाही. म्हणजे ज्या घराला आपण सर्वांत सुरक्षित जागा समजत होतो, ती या माणसाला पुरेशी नाही हे सरकारी कागदावरच लिहिलेलं होतं.

आणि घराबाहेर न पडता हा रोग सांभाळता येत नाही. सीबीसी हवी, रक्त हवं, किमो हवी. वाशीमहून अकोला सुमारे ८० किलोमीटर, नागपूर त्याच्या तिप्पट, आणि ज्याला आम्ही नुसतं ‘टाटा’ म्हणतो ते परळचं रुग्णालय पाचशेहून अधिक. २०२० च्या टाळेबंदीत रेल्वे थांबली, एसटी थांबली, जिल्ह्याची हद्द ओलांडायला पास लागू लागला. त्यात ‘कशाला जाता, दोन महिने थांबा’ हा सल्ला. या थांबण्याची किंमत पुढे मोजली गेली. नॅशनल कॅन्सर ग्रिडमधल्या ४१ केंद्रांचा अभ्यास २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आला. मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांत नव्या रुग्णांची नोंद आदल्या वर्षाच्या त्याच काळापेक्षा ५४ टक्क्यांनी घटली होती. १,१२,२७० वरून ५१,७६० वर. कॅन्सर काही निम्म्याने कमी झाला नव्हता. साठ हजार माणसं कुठे तरी घरात बसून होती. काही कॅन्सर काही आठवडे वाट पाहतात. तीव्र ल्युकेमिया तेवढीही पाहत नाही.

सगळ्यांना एकाच मापाने मोजू नये, हेही खरं. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचा, इमॅटिनिबची गोळी नियमित घेणारा, पेशी आटोक्यात असलेला रुग्ण बराचसा धडधाकट असतो. त्याची फेरी लांबवून गोळ्या टपालाने पाठवणं योग्यच होतं. पण कोणाचं थांबवायचं आणि कोणाचं नाही हा निर्णय डॉक्टरांचा, गावच्या पारावरचा नाही. टाटा मेमोरियलच्या सी. एस. प्रमेश आणि राजेंद्र बडवे यांनी २०२० च्या पहिल्या लाटेतच जाहीरपणे भूमिका घेतली होती, की करोनाच्या भीतीने कॅन्सरचे उपचार बंद ठेवता येणार नाहीत. त्यांच्या रुग्णालयाने दारं उघडी ठेवली.

या वादातली मला सर्वांत टोचणारी गोष्ट म्हणजे ताप. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असलेल्या माणसाचा ताप एकदाही १०१ वर गेला, किंवा १०० च्या थोडा वर जाऊन तासभर टिकला, तर तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हायला हवं, हा जगभरचा नियम आहे. साथीत मात्र ताप म्हणजे करोनाच, असं समीकरण बसलं. आधी स्वॅब, मग अहवाल, मग बघू. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला असंच एका दवाखान्याच्या फाटकाबाहेर गाडीत बसवून ठेवलं होतं. त्याच्या आईच्या मांडीवर फाईल होती, फाईलच्या पहिल्याच पानावर टाटाच्या डॉक्टरांनी लाल शाईने तापाबद्दल चार ओळी लिहिलेल्या होत्या, आणि ती ते पान खिडकीतून प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होती. अर्ध्या दिवसाने सलाईन लागलं. पोरगं वाचलं. पण त्या अर्ध्या दिवसात त्याचा शत्रू करोना नव्हता. त्याच्याच आतड्यातले जंतू होते, जे तुमच्या-माझ्या पोटात गुण्यागोविंदाने राहतात. घरात कोंडून त्यांना कसं अडवणार?

यावर एक शेवटचा आक्षेप उरतो. ‘तुम्ही म्हणता तसं आजूबाजूच्यांनी वागायला हवं हे खरं, पण लोक ऐकत नाहीत. त्यापेक्षा एकाला आत बसवणं सोपं.’ लोकांना त्यात त्यांचाही स्वार्थ सांगता येतो. अमेरिकेतल्या एका ल्युकेमियाग्रस्त बाईच्या शरीरात एकही लक्षण नसताना ७० दिवसांपर्यंत जिवंत विषाणू सापडत राहिला. ज्याला आपण वाऱ्यावर सोडतो, त्याच्या शरीरात साथ मुक्काम करते. पण माझा अनुभव असा, की स्वार्थ सांगण्याची वेळ येतच नाही. लोक ऐकतात, त्यांना नेमकं काय करायचं ते सांगावं लागतं.

आमच्याकडे आजाऱ्याला ‘पाहायला’ जाण्याची रीत आहे. न जाणं म्हणजे माणुसकी सोडणं. त्याच मुलाच्या वडिलांनी ओट्याच्या खाली दोन खुर्च्या मांडल्या होत्या. कोणी आलं की ते दारातूनच म्हणत, ‘आत नका येऊ, काका. पोराच्या पेशी कमी हायेत. इथूनच बोला त्याच्याशी.’ पहिल्या आठवड्यात दोघे-तिघे रागावले. नंतर लोक स्वतःहूनच खालच्या खुर्चीवर बसू लागले, मास्क सरळ करू लागले. एक म्हातारी तर घरी सर्दीचं माणूस आहे म्हणून रस्त्यावरूनच हात करून गेली.

एप्रिल २०२१ च्या शेवटी त्या मुलाच्या प्लेटलेट खाली आल्या. प्लेटलेटची पिशवी पाचच दिवस टिकते, सतत हलवत ठेवावी लागते, साठवून ठेवता येत नाही. शिबिरं बंद होती. १ मेपासून अठरा वर्षांपुढच्यांना लस मिळणार होती, आणि लशीनंतर २८ दिवस रक्त देता येणार नाही असा तेव्हा नियम होता. तो १४ दिवसांवर आला मे महिन्यात. म्हणून ‘आधी रक्त द्या, मग लस घ्या’ असे निरोप सगळीकडे फिरत होते. गावातली चार पोरं दोन मोटारसायकलींवर, खिशात दवाखान्याची चिठ्ठी घेऊन अकोल्याला निघाली. वाटेतल्या मालेगावच्या अलीकडे नाकाबंदीत त्यांना अडवलं, चिठ्ठी पाहून सोडलं. रक्तपेढीत एकाचं हिमोग्लोबिन कमी निघालं, एकाला दोन दिवसांपूर्वी ताप येऊन गेलेला म्हणून परत बसवलं. उरलेल्या दोघांनी दिलं. संध्याकाळी ती पिवळसर पिशवी मुलाच्या खाटेजवळ टांगली तेव्हा चौघेही खाली आवारात, लिंबाच्या झाडाखाली, डबा उघडून जेवत होते.