गावऱ्हाटी

मालवण तालुक्यातील आचरे गावी काही वर्षांच्या अंतराने एक विलक्षण प्रकार घडतो. ग्रामदैवत श्री देव रामेश्वराचा कौल झाला म्हणजे सारा गाव घरांना कड्या घालून वेशीबाहेर पडतो. गुरेढोरे, कोंबडी-कुत्री, पाळण्यातले मूल, थकलेला म्हातारा, सारी निघतात. हिंदू जातात तसे मुसलमानही जातात. तीन दिवस व तीन रात्री गावात चूल पेटत नाही. माणसे शिवेपलीकडे झोपड्या घालून राहतात आणि पुन्हा कौल मिळाल्यावरच परततात. हीच ती गावपळण. चिंदर व वायंगणी ह्या शेजारच्या गावांतही ती आहे. तिच्यात कोणी भुताखेतांची समजूत शोधतात, कोणी आरोग्याचा हेतू; आम्हांस तिच्यात राज्यशास्त्राचा एक प्रश्न दिसतो. शिपाई नाही, दंडाची नोटीस नाही, आणि तरीही सारा गाव एका शब्दासरशी घर सोडतो. उलट, कायद्याने भरविलेली ग्रामसभा गणपूर्तीवाचून तहकूब झाली तर कोकणात त्याचे कोणास नवलही वाटत नाही. मग ही आज्ञा कोणाची, आणि तिला हे बळ आले कोठून?

ह्या सत्तेस दक्षिण कोकणात गावऱ्हाटी म्हणतात. ज्यांच्या पूर्वजांनी रान तोडून गाव वसविला असे मानले जाते त्या कुळांचे ते गावकर. त्यांच्या जोडीस बारा-पाचाचे मानकरी, गुरव, घाडी. देऊळ हीच त्यांची कचेरी व तेच न्यायालय. रवळनाथ, सातेरी ही त्या राज्याची खरी धनी. माणसे केवळ त्यांची कारभारी. जत्रा केव्हा करावी, पावसाने ताण दिला तर काय करावे, शिवेचा तंटा कसा मिटवावा, हे सारे देवापुढे गाऱ्हाणे घालून विचारावयाचे. मग मूर्तीला कळ्या किंवा तांदूळ लावून उजवे-डावे पाहावयाचे. ह्यात एक मोठे शहाणपण आहे. निर्णय देवाचा असल्यामुळे हरणाऱ्यास शेजाऱ्यापुढे मान खाली घालावी लागत नाही. मतमोजणीत ही सोय नाही, हे आमच्या गावोगावच्या निवडणुकांनी पुरेसे दाखविले आहे.

परंतु कौल देव देतो; प्रश्न मात्र गावकर घालतात. आमच्या मते ह्या राज्यव्यवस्थेची किल्ली येथे आहे. मागाहून येऊन राहिलेला उपरी, मग त्याला चार पिढ्या लोटल्या असोत, प्रश्न घालू शकत नाही. स्त्री घालू शकत नाही. महाराला ह्या व्यवस्थेत नेमून दिलेले काम होते, काही ठिकाणी नेमून दिलेला मानही होता; बोलण्याचा अधिकार नव्हता. आणि आज्ञा न मानणाऱ्यासाठी वाळीत टाकण्याचे शस्त्र होते. त्यावर बंदी घालणारा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रास २०१६ साली करावा लागला, एवढे ते टिकाऊ ठरले.

परकी राज्यकर्त्यांनी ह्या व्यवस्थेचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीजांनी १५२६ साली आफोन्सु मेशिया ह्याच्याकरवी गावकऱ्यांचे रीतिरिवाज लेखी नोंदवून घेतले. राजाला कर हवा होता, आणि तो देण्यास गावकर बांधलेले होते. म्हणून त्यांचे हक्क मान्य झाले, आणि विड्यासारखे मानसुद्धा कागदावर आले. तेथे सामाईक जमीन गावकीच्या हाती राहिली व तिचे उत्पन्न गावकरांत वाटले जाई. मालवण १८१२ साली कोल्हापूरकरांकडून इंग्रजांकडे आले. इंग्रजांनी जमीन, वसूल व फौजदारी आपल्या कचेरीत नेली. देऊळ तेवढे गावकरांकडे राहू दिले. सत्ता गेली, मान उरला. म्हणूनच पालखीला प्रथम खांदा कोणी द्यावा ह्यावरून आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या दावे चालतात. परस्थ माणूस त्यास हसतो, पण गमावलेल्या राज्याचा तो शेवटचा तुकडा आहे.

१८३० साली मेटकाफसाहेबांनी हिंदी खेड्यांना छोट्या प्रजासत्ताकांची उपमा दिली. त्यांनी पाहिली ती दिल्लीकडची गावे. तरी आमच्या विद्वानांनी ती उपमा सर्वत्र लावली. तिच्यावर खरा घाव घातला तो मूळच्या कोकणातल्याच घराण्यातील एका पुरुषाने. डॉ. आंबेडकरांचे आंबडवे मंडणगड तालुक्यातले. १९३७ साली खोती नष्ट करण्याचे बिल त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात आणले होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्याला संकुचितपणाचे व अज्ञानाचे घर ठरविले आणि घटनेचा घटक गाव नसून व्यक्ती आहे ह्याबद्दल समाधान व्यक्त केले. पुष्कळ सभासद दुखावले. पण प्रश्न घालण्याचा अधिकार ज्याला कधी नव्हता, त्याने ह्याहून वेगळे काय म्हणावे?

पुढे १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आला, १९८१ साली सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा झाला, आणि अलीकडे काही गावांच्या नगरपंचायती झाल्या. देवगड-जामसंडे, कसई-दोडामार्ग, वाभवे-वैभववाडी ही जोडनावे पाहावी. कारभार एक झाला तरी नावातून कोणी माघार घेतलेली नाही. नेपाळात २०१७ साली जुन्या गाव विकास समित्या एकत्र करून ४६० गाउँपालिका झाल्या, तेथेही गावे अशीच एका कारभाराखाली आली. मात्र तेथील कायद्याने प्रत्येक वॉर्डात दोन जागा स्त्रियांना, व त्यांतील एक दलित स्त्रीला, राखून दिली आहे. आमच्याकडे १९९३ पासून स्त्रियांना एकतृतीयांश व २०११ पासून निम्म्या जागा आहेत.

त्यामुळे आज सिंधुदुर्गातील कितीतरी गावी सभेची विषयपत्रिका सरपंचबाई काढते. जत्रेच्या दिवशी तीच बाई ओटी घेऊन बायकांच्या रांगेत उभी असते. सभामंडपात गाऱ्हाणे सुरू होते, साऱ्या गावाच्या वतीने, म्हणजे तिच्याही वतीने, देवाला साकडे घातले जाते, आणि दर वाक्यास पुढे उभे असलेले पुरुष म्हणतात, “होय महाराजा!”