दोन ग्रहणे आणि एक पिवळी रेघ

विजयदुर्गच्या किल्ल्यात ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून काही चौथरे दाखवतात. १८६८ सालच्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज ज्योतिर्विदाने तेथे दुर्बीण मांडली आणि हेलियम हे मूलद्रव्य शोधून काढले, अशी हकीकत त्यांबरोबर ऐकू येते. पुष्कळदा ती छापूनही येते. गोष्ट गोड आहे, आणि तिच्यात आपल्या कोकणाचा मान आहे. म्हणून ती मोडताना आम्हांला थोडा संकोच वाटतो. पण १८६८ च्या ऑगस्टात लॉकियर हिंदुस्थानात आलेलाच नव्हता. तो विलायतेत युद्धखात्याच्या कचेरीत कारकुनी करीत होता आणि फावल्या वेळी सूर्याचे वेध घेत होता. मग घडले ते काय?

शके १७९० ची श्रावण अमावास्या, म्हणजे पोळ्याचा दिवस. इंग्रजी तारीख १८ ऑगस्ट १८६८, वार मंगळवार. चंद्राची छाया एडनकडून अरबी समुद्र ओलांडून कोकणच्या किनाऱ्यावर चढली आणि विजापूर, गुंटूर, मछलीपट्टण असा प्रवास करीत पुढे सयामात गेली. सयामच्या राजाने, मोंगकुटने, या ग्रहणाचे गणित स्वतः केले होते. ते पाहायला तो दलदलीच्या मुलखात गेला, तेथे हिवतापाने आजारी पडला आणि १ ऑक्टोबरला वारला.

ग्रहण मोठे होते. गुंटूरला साडेपाच मिनिटांहून अधिक काळ सूर्य पूर्ण झाकला गेला. शिवाय या वेळी ज्योतिषांच्या हाती वर्णपटदर्शक हे नवे शस्त्र होते. ग्रहणात सूर्याच्या कडेला तांबूस ज्वाला दिसतात. त्या सूर्याच्याच, हे १८६० च्या ग्रहणातल्या छायाचित्रांनी ठरले होते. पण त्या कशाच्या? तापलेल्या वायूच्या असतील, तर त्यांच्या प्रकाशाचा अखंड सप्तरंगी पट्टा न पडता सुट्या चकचकीत रेघा दिसल्या पाहिजेत. चुलीच्या जाळावर चिमूटभर मीठ टाकले की जाळ पिवळा होतो, हे आपल्या घरातल्या बायकांना ठाऊक असते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. प्रत्येक मूलद्रव्य तापले की आपल्या ठरलेल्या जागीच रेघा उमटवते, हे १८५९ च्या सुमारास जर्मनीत किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी दाखवून दिले होते. जणू प्रत्येकाची सहीच.

गुंटूरला मेजर टेनंट आणि फ्रेंच ज्योतिषी झान्सेन होते, मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे पॉगसन. आणि आपल्याला जवळचे ठिकाण म्हणजे जमखंडी. ते तेव्हा पटवर्धनांचे संस्थान होते. आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. तेथे लेफ्टनंट जॉन हर्शेल आले होते. युरेनसचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेलचे हे नातू. श्रावणातले ढग त्यांच्याही वाट्याला आले, पण ढगांच्या फटीतून त्यांना ज्वालेच्या प्रकाशात तांबडी, नारिंगी आणि निळी अशा तीन रेघा लखलखीत दिसल्या. प्रश्न सुटला: ज्वाला वायूच्याच होत्या. गुंटूरचा निकालही तोच होता.

झान्सेन मात्र तेवढ्यावर थांबला नाही. इतक्या तेजस्वी रेघा ग्रहण नसतानाही दिसायला हव्यात, असे त्याच्या मनाने घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने यंत्र सूर्याच्या कडेला लावले, आणि रेघा दिसल्या! यातली युक्ती साधी आहे. आकाशाचा झगझगाट लोलकातून गेला की लांब पट्ट्यात पसरून फिका पडतो. ज्वालेचा प्रकाश मोजक्याच रेघांत एकवटलेला असल्याने तसा फिका होत नाही. हजारो कोस जाऊन चार-पाच मिनिटे पाहायची गोष्ट आता रोज पाहता येऊ लागली.

लॉकियरलाही ही कल्पना १८६६ पासून सुचलेली होती. कारागिराकडून यंत्र यायला उशीर झाला. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्याने घरबसल्या त्या रेघा पाहिल्या. त्याचे आणि झान्सेनचे पत्र पॅरिसच्या अकादमीपुढे एकाच बैठकीत आले. कोण पहिला म्हणून भांडण न करता फ्रेंच सरकारने १८७२ साली दोघांच्या मुद्रा असलेले एकच पदक पाडले.

आता त्या पिवळ्या रेघेकडे येऊ. ग्रहणाच्या दिवशी ती पुष्कळांना दिसली होती, पण ती सोडियमचीच असावी असा सर्वांचा समज झाला. लॉकियरने जागा बारकाईने तपासली. सोडियमच्या दोन रेघा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर असतात. ही होती ५८७.६ च्या आसपास. फरक केसाएवढा, पण सही वेगळी. प्रयोगशाळेतला कोणताही ज्ञात पदार्थ ती रेघ देईना. तेव्हा पृथ्वीवर कुणी न पाहिलेले एक द्रव्य सूर्यावर आहे, असे म्हणण्याचे धाडस त्याने केले. ग्रीक भाषेत सूर्याला हेलिओस म्हणतात, म्हणून नाव हेलियम. पुष्कळ रसायनशास्त्रज्ञांना ही नुसती कल्पनेची भरारी वाटली. १८९५ च्या मार्चमध्ये विल्यम रॅम्झी यांनी क्लेव्हाइट नावाच्या खनिजातून एक वायू काढला आणि तीच रेघ समोर उभी राहिली. मधे सत्तावीस वर्षे गेली होती. तेव्हा १८ ऑगस्ट हा हेलियमचा जन्मदिवस मानणे आम्हांला जरा ढोबळ वाटते.

आणि विजयदुर्ग? लॉकियर तेथे आला होता, पण १८९८ साली. २२ जानेवारीच्या, पौष अमावास्येच्या, खग्रास ग्रहणासाठी त्याने किल्ल्यात तळ दिला आणि ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेवरच्या खलाशांना शिकवून मदतीला घेतले. ‘साहेबाचे कट्टे’ याच मुक्कामाशी जोडावेत, असे आमचे मत आहे. लोकांच्या आठवणीत दोन ग्रहणांचे एक ग्रहण झाले, इतकेच.

त्या ग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रातून आडवा गेला होता. पुलगावला न्यूऑल, तळणीला एव्हर्शेड आणि मॉन्डर दांपत्य, सोलापूरकडच्या जेऊरला अमेरिकेतले कॅम्बेल. काळ प्लेगाचा होता. पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली त्याला त्या दिवशी नेमके सात महिने झाले होते, आणि लोकमान्य तुरुंगात होते. अशा दिवसांत पुण्याहून आपली यंत्रे घेऊन जेऊरला आणखी एक मंडळी उतरली. त्यांचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक. भावनगरच्या तख्तसिंगजी महाराजांच्या देणगीतून त्यांनी तेथे वेधशाळा उभारली होती. तिच्यातली वीस इंची आरशाची दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानात सर्वांत मोठी होती. जेऊरच्या वेधांचा अहवाल त्यांनी १९०२ साली प्रसिद्ध केला. साहेबाच्या कट्ट्यांची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे, त्यांतल्या किती जणांनी हे नाव ऐकले असेल?

१९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद पडली. यंत्रे कोडाईकनालला गेली. तेथे तेव्हा संचालक होते तेच एव्हर्शेड, ज्यांनी तळणीला ग्रहण पाहिले होते. ती वीस इंची दुर्बीण तेथे ‘भावनगर दुर्बीण’ म्हणून ओळखली जाते. पुण्याचे नाव तिच्यावर राहिले नाही.