ओळखा बरं, डब्यात काय?

भादव्याची पुनव झाली की आपल्या नागपूरकडे घरोघरी भुलाबाई बसते. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोबा, आणि तिथून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरी घरोघर गाणी म्हणत फिरतात. पुण्याकडे याच सुमाराला भोंडला होतो. गाणी संपली की घरची बाई झाकलेला डबा आणते आणि पोरींच्या कानाशी हलवते. खडखडला तर फुटाणे नाहीतर फल्लीदाणे. नुसता धपधपला तर लाडू असावेत. वाजलाच नाही तर शिरा किंवा खीर. पोरी विचारतात, गोड का तिखट? तळलेलं का भाजलेलं? ओळखल्याशिवाय झाकण उघडत नाही. आतल्या खाऊला म्हणायचं खिरापत.

आज आम्ही बेसा गावातल्या बाया तुम्हाला या डब्याचा इतिहास सांगणार आहोत. शाळेच्या पुस्तकात राजांचे वाडे येतात, लढाया येतात. सणाला घरात गोड काय शिजलं, ते कोणी केलं आणि कोणाच्या हातावर पडलं, हे कोणी लिहून ठेवलं नाही. पण आमच्या सासवांना ते पाठ आहे.

खिरापतीच्या खेळातली एक गंमत आम्हाला फार उशिरा कळली. या खेळात महाग वस्तूला मान नाही. मान आहे तो न ओळखता येणाऱ्या वस्तूला. पेढे आणले तर पोरी पहिल्याच दमात सांगतात. पण कोणी लाह्या गुळाच्या पाकात घोळवून त्यात भाजलेले जवस टाकले, तर पोरी डोकं खाजवत बसतात. म्हणजे ज्या घरात साखरेचा कण नाही, त्या घरच्या पोरीची मानही त्या संध्याकाळी ताठ राहायची. हे ज्या बाईला पहिल्यांदा सुचलं, तिचं नाव कुठेच नाही.

आता गोडाकडे येऊ. साखर आपल्या देशात फार जुनी, शर्करा हा शब्दच संस्कृतातला. पण खेड्यातल्या चुलीवर राज्य होतं गुळाचं. पांढरी साखर बाहेरून यायची हे तिच्या नावांवरूनच दिसतं. चिनी म्हणजे चीनची, मिसरी म्हणजे मिसर देशाची, आणि मोरस म्हणजे मॉरिशस बेटाची, असं सांगतात. नागपूरला आगगाडी आली १८६७ साली. गाडीनं कापूस मुंबईला जाऊ लागला आणि मुंबईचा माल इकडे येऊ लागला. तरी परदेशी साखर शहरातल्या पेठेत राहिली. आमच्या वावरातल्या घरांपर्यंत ती औषधासारखी आली, पाव्हण्याच्या चहापुरती. १९३२ साली सरकारनं बाहेरच्या साखरेवर मोठा कर बसवून इथल्या कारखान्यांना आधार दिला, तेव्हा देशात भराभर कारखाने निघाले. १९५० साली तिकडे नगर जिल्ह्यात प्रवरेचा शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना सुरू झाला. पण तो ऊसाचा मुलूख. आपल्याकडे कापूस, ज्वारी, संत्रा.

मग आपली आजी गोड करायची तरी कशाचं? लाल कोहळं किसून, गुळात शिजवून, त्यात मावेल तेवढी कणीक घालून बोंडं तळायची. कणकेत गुळाचं पाणी घालून गुलगुले. भंडारा-गडचिरोलीकडे चैतात मोहफुलं पडतात. ती वाळवून, भाजून, तिळाबरोबर कुटली की लाडू तयार, वरून गूळ घालायची गरजच नाही, कारण मोहफुलात गोडी मुळातच आहे. दारूमुळे मोहाचं नाव खराब झालं. पण पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की या फुलांनी लेकरं जगवली आहेत, आणि हे आम्हाला कोणी अभिमानानं सांगितलं नाही, लाजत लाजत सांगितलं.

पोळ्याचं गोड मात्र ठरलेलं. पुरणपोळी. आमच्याकडची पोळी पातळ पापुद्र्याची नसते, पुरणानं गच्च भरलेली आणि वाटीभर तुपात बुडवून खायची. चण्याची डाळ जेवढी, गूळ तेवढाच, आणि पुरण पाट्यावर वाटायचं. चार पायल्या डाळीचं पुरण वाटून पाहा म्हणजे सणाचा आनंद कुठल्या खांद्यात दुखतो ते कळेल. पहिली पोळी बैलाला. मग घरचे गडी. मग सालदार आणि ज्यांना बोलावलं ते. मग पोरंबाळं, मग सासू. पोळ्या लाटणारी शेवटी, आणि कितीतरी घरांत तिच्या वाट्याला पोळी नसे, कटाची आमटी आणि भात असे. बैलाचा मान आम्हाला मान्य आहे, त्यानं वर्षभर ओढलं. पण त्या घरात वर्षभर ओढणारा तो एकटा नव्हता.

दिवाळीत अनारसे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. मग सावलीत पंचावर पसरून, जरा ओलसर असतानाच उखळात कुटायचे, वस्त्रानं चाळायचे, पिठात गूळ मळून गोळा झाकून ठेवायचा. तो मुरला की खसखशीवर थापून तुपात एकाच बाजूनं तळायचा, खसखस वर. आणि एवढं करून तो कढईत विरघळून पसरला तर? तेव्हा म्हणतात, अनारसा हसला. अनारसा हसला की बाई रडते. आमच्यातल्या एकीला पहिल्या दिवाळीला सगळा घाणा हसला आणि सासूनं शेजारी दाखवायला नेला होता. उपाय साधा आहे. गूळ जास्त झाला असतो, गोळ्यात थोडी तांदळाची पिठी मळावी आणि एकच अनारसा आधी टाकून पाहावा. हे तेव्हा तिला कोणी सांगितलं नाही. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे द्यायची रीत आहे. म्हणजे तेहतीस वेळा छाती धडधडते.

ही विद्या कागदावर आली कधी? मराठीत स्वयंपाकाचं छापील पुस्तक १८७५ साली निघालं, ‘सूपशास्त्र’ नावाचं, आणि ते लिहिलं एका पुरुषानं, रामचंद्र सखाराम गुप्ते यांनी. बाईनं लिहिलेलं मोठं पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’, १९१० चं. १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आलं. त्यात प्रमाण वाटीचं आणि चमच्याचं, म्हणून ज्या सुना माहेरून काही शिकून आल्या नव्हत्या, त्यांनाही ते जमलं. आमच्या सासवांचं माप वेगळंच. पसा, मूठ, चिमूट, आणि ‘हाताला कळते व माय’. त्यांचा हात गेला की मापही गेलं. आम्ही तर म्हणतो, कोहळ्याची बोंडं आणि मोहाचे लाडू कोण्या मोठ्या पुस्तकाची वाट पाहत बसू नयेत. आपणच मापून लिहून घ्यावेत.

दुसरं महायुद्ध आलं आणि १९४२ पासून साखरेवर सरकारचं नियंत्रण बसलं. पुढची कितीतरी वर्षं ते कधी उठायचं, कधी परत यायचं. १९७८ साली उठवलं आणि १९७९ संपता संपता पुन्हा आणलं. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना दिवाळी म्हटलं की रेशनच्या दुकानापुढची रांग आठवते. सणासाठी कार्डावर थोडी जास्त साखर मिळायची. बाया दोन महिने आधीपासून चहात गूळ घालून साखर वाचवत, शेजारणीकडून वाटी उसनी घेत आणि ती पुढच्या महिन्याच्या कोट्यातून फेडत. तुपाची तीच कथा. १९३७ नंतर डालडा आला आणि घरचं तूप विकून डालड्यात करंज्या तळायची चाल पडली. डबा रिकामा झाला की त्यात तुळस लागायची.

१९७२ च्या दुष्काळात तर गोडाचा अर्थच बदलला. रोजगाराच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायांना आणि त्यांच्या लेकरांना सुकडी मिळायची, पिठाचा गोड खाऊ. सण नाही, पाव्हणे नाहीत, दगडाच्या ढिगाशेजारी बसून खाल्लेलं गोड. ज्यांनी खाल्ली त्यांच्यातल्या काही आजही म्हणतात, तशी चव पुन्हा आली नाही. काही म्हणतात, तिचं नाव काढू नका. दोघींचं खरं आहे.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हे भाषण लिहायला घेतलं, तिथे येतो. डबा सगळ्या पोरींच्या कानाशी हलत नव्हता.

गावात भुलाबाईची गाणी सगळ्या वस्त्यांत व्हायची, पण एका वस्तीच्या पोरी दुसऱ्या वस्तीच्या ओसरीवर बसत नव्हत्या. पोळ्याची पुरणपोळी ज्यांनी नांगर धरला त्यांनाही मिळायची, पण उंबऱ्याबाहेर, वरून टाकलेली. आणि त्यांच्या घरचं गोड? ते कोणी घ्यायचं नाही. देता येतं पण घेता येत नाही, अशा ठिकाणी गोड कडू होतं.

हे खेड्यातच होतं असं समजू नका. १९३७ च्या डिसेंबरात नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन भरलं. शिकलेल्या, बायांच्या हक्कांवर बोलणाऱ्या बाया देशभरातून आल्या होत्या. तिथे जाईबाई चौधरी गेल्या होत्या. अस्पृश्य मानलेल्या समाजात जन्मलेल्या, स्वतः कष्टानं शिकून नागपुरात मुलींची शाळा चालवणाऱ्या बाई. जेवणाच्या वेळी त्यांना इतर बायांपासून वेगळं बसवलं. व्यासपीठावर समानता आणि पंगतीत अंतर. १९३८ उजाडताच नागपुरातल्या दलित बायांनी सभा घेऊन याचा निषेध केला. पुढे २० जुलै १९४२ ला नागपुरातच दलित महिलांची स्वतःची परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, बाबासाहेब आंबेडकर बोलायला आले होते आणि हजारो बाया जमल्या होत्या. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकात या बायांचं काम नोंदवून ठेवलं, म्हणून आपल्याला ते ठाऊक आहे.

मग १४ ऑक्टोबर १९५६. दीक्षाभूमी. लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला. आम्हाला त्यातलं आमच्या विषयापुरतं एक सांगायचं आहे. त्यानंतर वस्त्यांमध्ये नवे सण आले आणि त्या सणांचं गोड ठरलं ते खीर. वैशाखी पौर्णिमेला, बुद्ध जयंतीला, मोठ्या गंजात खीर शिजते. सुजातेनं गौतमाला खीर दिली, त्या आठवणीची. उपासानं खंगलेल्या माणसाला एका बाईनं हातचं गोड दिलं आणि त्यानं ते घेतलं. ही खीर रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना वाटतात, कोण कुठला हे न विचारता. ज्यांच्या हातचं घेत नव्हते, त्यांनीच वाटपाचा चमचा हातात घेतला. आमच्यातल्या एकीची सासू पहिल्यांदा ती खीर घेऊन घरी आली, ओसरीवर बसली, बराच वेळ वाटी हातात धरून होती. मग खाल्ली. काही बोलली नाही. वाटी मात्र स्वतः धुऊन परत द्यायला गेली, आणि रिकामी नेली नाही, तिच्यात बोंडं घालून नेली.

विधवा बायांचंही सांगायला हवं. संक्रांतीचे तिळाचे लाडू त्यांनी वळले तर चालत होते, हळदीकुंकवाला मात्र त्यांनी आत थांबायचं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवेची बांगडी फोडणं, कुंकू पुसणं अशा प्रथा बंद करायचा ठराव केला. ठराव कागदावर होतो, वाण हातावर द्यावं लागतं. आमच्याकडे गेल्या संक्रांतीला सुरुवात झाली. पहिल्या दोघीतिघी दारातूनच परत गेल्या, त्यांनाच लाज वाटली. यंदा आम्ही बोलवायला घरी गेलो होतो.

आता बेसा बदललं. वावरांचे ले-आउट झाले, लिफ्टच्या इमारती आल्या, गावात नगर पंचायत आली. दिवाळी आली की नव्या इमारतींतल्या बायांच्या ऑर्डरी येतात, करंजी, शंकरपाळे, बेसनाचे लाडू. अनारसे तर हमखास, कारण ते हसतात याची भीती सगळ्यांना. एका वर्षी आम्ही भाव लावताना गूळ, तूप, तांदूळ, गॅस सगळं मोजलं, आणि तीन दिवस पाणी बदलणं, कुटणं, चाळणं मोजायचं विसरलो. हिशोबाला बसलो तर दिवसाला चहापाण्याइतकेही पडले नव्हते. दोष गिऱ्हाइकाचा नव्हता. आमच्या आयांनी ते कधी मोजलं नव्हतं म्हणून आम्हालाही सुचलं नाही. आता भाव लावताना आधी हाताचे तास लिहितो, मग गूळ.

भुलाबाई यंदा एका इमारतीच्या खाली, गाड्या लावायच्या जागेत बसली होती. वस्तीतल्या पोरी, इमारतीतल्या पोरी, दोन पोरं पण घुसली होती. डबा आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं आणला होता. हलवला, वाजला नाही. पोरी म्हणाल्या, शिरा. नाही. केक? नाही. चॉकलेट, गुलाबजाम, संत्रा बर्फी, सगळं सांगून झालं. अर्धा तास कोणाला ओळखता आलं नाही आणि म्हातारी गालातल्या गालात हसत होती.

मोहाचे लाडू होते, मऊ, एकाला एक चिकटून बसलेले. तुमच्या घरी न ओळखता येणारी खिरापत कोणती होती, ती आजीला, सासूला विचारा. माप पश्याचं असेल तर पश्यातच लिहा, पण पसा कोणाचा तेही लिहा. पुढच्या बैठकीला घेऊन या. डबा झाकूनच आणा.