आजोबांची शाळा आणि प्रीमियमची सवलत

अमेरिकेत गाडीचा विमा घ्यायला गेलं की एजंट सवलतींची यादी वाचायला लागतो. मुलाला चांगले मार्क असतील तर सवलत, दोन गाड्या असतील तर सवलत, घर आणि गाडी एकाच कंपनीकडे असेल तर सवलत... यादीच्या तळाशी "मॅच्युअर ड्रायव्हर" नावाची एक ओळ असते. वय ५५ च्या पुढे, सहा-आठ तासांचा सुरक्षित ड्रायव्हिंगचा कोर्स केलेला, की पुढची तीन वर्षं प्रीमियम कमी. आपल्यासारखी तिशीतली मंडळी ही ओळ ऐकून सोडून देतात. मी पण सोडली होती. पण ती तिथे आली कुठून हे शोधायला बसलो आणि एक अख्खा शनिवार त्यात गेला. म्हटलं, लिहून टाकू.

गोष्ट सुरू होते एथेल पर्सी अँड्रस नावाच्या बाईंपासून. बाई लॉस एंजेलिसमधल्या मोठ्या हायस्कूलच्या मुख्याध्यापिका. १९४४ मध्ये निवृत्त झाल्या. एकदा एका निवृत्त शिक्षिकेची चौकशी करायला गेल्या तर ती कोंबड्यांच्या खुराड्यात राहत होती! पेन्शन इतकी तुटपुंजी की दुसरं काही परवडत नव्हतं. अँड्रसबाईंनी १९४७ मध्ये निवृत्त शिक्षकांची राष्ट्रीय संघटना काढली. त्यांचा पहिला मोठा हट्ट विम्याचाच होता. त्या काळी पासष्टीच्या पुढच्या माणसाला आरोग्यविमा द्यायला कंपन्या तयारच नसत (सरकारी मेडिकेअर आलं १९६५ मध्ये). चाळीसहून जास्त कंपन्यांनी नकार दिल्यावर १९५६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लेनर्ड डेव्हिस नावाच्या एजंटामार्फत गटविमा जमला. तो बघून शिक्षक नसलेले म्हातारेही "आम्हाला पण घ्या" म्हणायला लागले, आणि त्यातून १९५८ मध्ये एएआरपी ही निवृत्तांची संघटना उभी राहिली. वयाकडे बघून दार लावणारा विमाधंदा आणि ते दार ठोठावणारी संघटना, हे नातं गाड्यांच्या कितीतरी आधीचं आहे.

दुसरा धागा वेगळाच. नॅशनल सेफ्टी कौन्सिल ही १९१३ मधली संस्था, मूळ काम कारखान्यांतले अपघात कमी करण्याचं. तिने १९६४ मध्ये "डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग"चा कोर्स काढला. समोरचा चुकणारच आहे असं धरून गाडी चालवायची, ही त्यातली मुख्य कल्पना. (पुण्यात गाडी शिकलेल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही!) पण हा कोर्स सगळ्यांसाठी होता. फक्त वयस्कर लोकांसाठी वर्ग एएआरपीने १९७९ मध्ये सुरू केला. नाव "५५ अलाइव्ह". नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी. १९७३ च्या तेलटंचाईनंतर, १९७४ पासून, देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा लागू होती, त्यामुळे ५५ हा आकडा प्रत्येक ड्रायव्हरच्या डोक्यात बसलेला. वय तेच, वेगही तोच.

वर्ग कसा? आठ तास, बहुधा दोन दिवसांत. चर्चचा किंवा वाचनालयाचा हॉल, घडीच्या खुर्च्या. शिकवणारा स्वयंसेवक, तोही निवृत्तच. आणि मुख्य म्हणजे परीक्षा नाही. नापास होण्याची सोयच नाही. गाडीला हातही लावायचा नाही. शिकवायचं काय, तर पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर, कुठल्या गोळ्यांनी झोप येते, आरशात न दिसणारा कोपरा, आणि डावं वळण. इकडे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणजे हे आपल्याकडचं उजवं वळण: समोरून येणाऱ्या रांगेला आडवं जायचं. समोरच्याचा वेग आणि अंतर एकाच क्षणात जोखायचं असतं, आणि वयाबरोबर नेमकं तेच अवघड होत जातं. वयस्कर ड्रायव्हरांचे अपघात चौकात जास्त होतात ते यामुळे.

आता सवलत. वर्गाला लोक यावेत म्हणून राज्यांनी विमा कंपन्यांना कायद्यानेच सांगितलं की सर्टिफिकेट आणणाऱ्याचा प्रीमियम कमी करा. प्रत्येक राज्याचा खाक्या वेगळा. न्यूयॉर्कमध्ये लायबिलिटी आणि कोलिजन या भागांवर १० टक्के, तीन वर्षं, आणि वयाची अटच नाही. कॅलिफोर्नियात आणि फ्लोरिडात वय ५५ च्या पुढे. कॅलिफोर्नियात सवलत द्यायलाच लागते, पण किती ते कंपनी ठरवते, म्हणजे कायदाही पाळला आणि खिसाही सांभाळला. मॅसॅच्युसेट्सची तर तऱ्हाच न्यारी: पासष्टी गाठली की २५ टक्के, कोर्स-बिर्स काही नको.

हिशोब करून बघा. समजा या भागांचा वर्षाचा प्रीमियम १,५०० डॉलर. दहा टक्क्यांनी तीन वर्षांत ४५० वाचले. फी तीस डॉलरच्या आसपास धरा, वेळ सहा तास. ताशी सत्तर डॉलर पडले. निवृत्त माणसाला याहून चांगला कन्सल्टिंग रेट कोण देणार? :-)

आता आमच्या धंद्यातला प्रश्न: हे फीचर चालतं का?

कोर्स केलेल्यांचे अपघात आणि न केलेल्यांचे अपघात शेजारी ठेवले की झालं, असं वाटतं. पण ही ए/बी टेस्ट नव्हे. शनिवारी सकाळी उठून स्वतःहून सुरक्षिततेच्या वर्गाला जाणारा माणूस मुळातच जपून चालवणारा असतो. त्याचे अपघात कमी निघाले तर श्रेय वर्गाचं की त्याच्या स्वभावाचं? कॅलिफोर्नियाच्या मोटार वाहन खात्याने याचं मूल्यमापन केलं, तर कोर्सवाल्यांना पोलिसांची तिकिटं कमी होती, पण अपघात कमी झाल्याचं ठामपणे दिसेना. कॅनडात ब्रिटिश कोलंबियात "५५ अलाइव्ह" केलेल्या ८८४ ड्रायव्हरांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. बायकांवर आणि पंचाहत्तरीच्या आतल्या पुरुषांवर वर्गाचा काहीच परिणाम नाही. आणि पंचाहत्तरीच्या पुढच्या पुरुषांचे अपघात चक्क वाढलेले! "मी कोर्स केलाय" हा आत्मविश्वास नडला असेल, किंवा ज्यांना मुलांनी काळजीने पाठवलं तेच आधीपासून डळमळीत असतील. एका अभ्यासावरून नक्की सांगता येत नाही.

दुसऱ्या बाजूलाही आकडे फसवतात. म्हातारे मैलामागे जास्त अपघात करतात असं म्हणतात. पण त्याच खात्यातल्या संशोधक मेरी जँकी यांनी १९९१ मध्ये दाखवलं की जो कमी चालवतो त्याचे मैल गावातल्या चौकांतले असतात, आणि जो खूप चालवतो त्याचे हायवेवरचे, जिथे मैलामागे अपघात कमीच होतात. तेव्हा आजोबांचा धोका थोडा फुगवून दिसतो. शिवाय ज्या धडकेत पंचविशीतला खरचटून उठतो तीत ऐंशीचा माणूस दगावतो. म्हणजे मृत्यूंचा आकडा जेवढा चालवण्याबद्दल सांगतो तेवढाच हाडांबद्दलही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सत्तरीपुढच्या ड्रायव्हरांमधले प्राणघातक अपघात, परवान्यांच्या प्रमाणात, बरेच कमी झाले. त्याचं बरंचसं श्रेय सुरक्षित गाड्यांना आणि सुधारलेल्या तब्येतीला जातं.

मग सवलत अजून कशी टिकली? माझं मत असं की तिचा अपघातांशी फारसा संबंधच नव्हता. तो एक तह होता. सरकारला म्हाताऱ्यांच्या ड्रायव्हिंगबद्दल काहीतरी केल्यासारखं दिसायचं होतं. खरा उपाय म्हणजे ठरावीक वयानंतर रस्त्यावर परीक्षा. पण म्हातारे मतदानाला न चुकता जातात, आणि परीक्षेत नापास होता येतं. कॅलिफोर्नियात १९९८ मध्ये ९६ वर्षांच्या ड्रायव्हरच्या गाडीखाली एक पंधरा वर्षांची मुलगी गेली. त्यानंतर टॉम हेडन यांनी ७५ च्या पुढे परीक्षा सक्तीची करणारं विधेयक आणलं. ते पास झालं, पण वयाची अट वाटेत गळून पडली. मग १६ जुलै २००३ ला सँटा मोनिकाच्या भाजीबाजारात ८६ वर्षांच्या माणसाची गाडी घुसली. दहा माणसं गेली. तपासात निघालं की ब्रेक समजून पाय अ‍ॅक्सिलरेटरवर पडला होता. परत वादळ उठलं, पण सरसकट रस्त्यावरची परीक्षा काही आली नाही. वर्ग मात्र चालू राहिले. आणि एएआरपी तरी कोरडी कुठे? १९८४ पासून तिच्याच नावाने हार्टफर्ड कंपनी सभासदांना गाडीचा विमा विकते. असो.

याला नुसतं राजकारण म्हणून मोकळं होता येत नाही, कारण पणाला काय लागलंय ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही. १९६५ च्या कायद्यानंतर आलेले मराठी इंजिनिअर आणि डॉक्टर आता ऐंशीच्या आसपास आहेत. न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळातले एक काका असेच. किराणा चार मैलांवर, देऊळ अकरा मैलांवर, जवळून बस जात नाही. काकूंनी हायवेवर गाडी कधी नेली नाही. काकांची किल्ली गेली तर घरातल्या दोघांचंही बाहेर पडणं संपतं. त्यांचा मुलगा टेक्ससमध्ये असतो आणि फोनवर हा विषय काढायला त्याची जीभ रेटत नाही. काकांनी मात्र सवलतीसाठी कोर्स केला. मुलाने सुचवलं असतं तर भडकले असते, पण प्रीमियम वाचतो म्हटल्यावर स्वतःहून गेले. तिथे गाडी कधी सोडायची यावरही एक धडा होता, तो शिकवणारे गृहस्थ त्यांच्याच वयाचे होते. परतल्यावर काका म्हणाले, "रात्रीचं बंद केलं मी आता." तेवढंच. अपघातांच्या तक्त्यात हे कुठे दिसणार?

परीक्षेचं म्हणाल तर निव्वळ वयामुळे रस्त्यावर परीक्षा घेणारं इलिनॉय हे एकच राज्य उरलं होतं. तिथेही २०२५ मध्ये कायदा बदलून, १ जुलै २०२६ पासून, वयाची मर्यादा ७९ वरून ८७ वर नेली. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे: आईवडिलांना तब्येतीमुळे गाडी चालवणं झेपत नसेल तर घरच्या माणसाला सरकारला तसं लेखी कळवण्याची मुभा, सक्ती नाही.